पौर्णिमेचा नवरदेव

लांडग्याच्या प्रेमात पडायचंच असेल तर माणसाने थंड हवेच्या मुलखात जन्म घ्यावा. तिथे धुकं असतं, आभाळाला टेकलेली झाडं असतात आणि नायक काळा कोट घालून अंधारातून चालत येतो. प्रतिक्षा जन्मली हट्ट्याला. वसमत तालुक्यातल्या या मोठ्या गावात मे महिन्यात कोट सोडा, अंगावर बनियनसुद्धा ठेववत नाही, आणि धुकं म्हणाल तर एसटी गेल्यावर जे उठतं तेवढंच.

तिचा नायकही कोटवाला नव्हता. रामप्रसाद डोंगरकड्याचा. घरची हळद, त्यामुळे शिजवणीच्या दिवसांत कोपरापर्यंत पिवळा होऊन कॉलेजात यायचा आणि वर्गातली पोरं त्याला ‘काय नवरदेव’ म्हणून चिडवायची. दोघं हिंगोलीला बी.ए. करत होती, म्हणजे बसस्टँडवर जास्त आणि वर्गात कमी असत. दोन हजार तीन सालच्या पावसाळ्यात स्टँडसमोर उसाचा रस पिता पिता त्याने घसा साफ केला.

“तुला एक सांगायचंय. मला पौर्णिमेला जरा तकलीफ असती.”

“उपास असतो का?”

“न्हाई. मी लांडगा होतो.”

प्रतिक्षा इतकी हसली की रस नाकातून आला. तो हसला नाही. आमच्या घराण्यात थोरल्या लेकाला होतं, आज्याला होतं, बापाला होतं, असं त्याने शांतपणे सांगितलं. लोक साखरेच्या आजाराबद्दल सांगतात, तसं.

त्या कोजागिरीला ती मैत्रिणीच्या, निलमच्या घरी डोंगरकड्याला मुक्कामाला गेली. दिवस मावळता मावळता हळदीच्या रानात जाऊन उभी राहिली. कमरेएवढी पानं होती. रामप्रसादने आधी शर्ट काढला, घडी घातली आणि बांधावर दगडाखाली ठेवला. पुस्तकातले लांडगे शर्ट टराटरा फाडतात म्हणे. त्यांना बहुतेक शर्ट फुकट मिळत असावेत. मग तो पानांत खाली बसला. चंद्र वर आला आणि पानांतून एक काटकुळा, मातकट रंगाचा, मोठ्या कानांचा लांडगा बाहेर आला. लांबून तांड्यावरचं एक कुत्रं भुंकलं. त्याबरोबर हा भयंकर पशू तिच्या मागे जाऊन लपला आणि तिच्या चपलेवर हनुवटी टेकून पडून राहिला.

सकाळी तो माणूस झाल्यावर पहिलं वाक्य बोलला, “भ्याली का गं?”

प्रतिक्षा प्रेमात पडली ती इथे. कारण तिच्या घरात तिला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

तिचे वडील माणिकराव हे अत्यंत देवमाणूस आहेत, असं अख्खा हट्टा सांगायचा. गावावर ते कधी रागावले नाहीत. रागवायला त्यांना घर होतं. कालवणात मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर, जास्त पडलं की अंगणात. सायकल दारात लागली की तिच्या स्टँडच्या आवाजावरून घरातल्यांना आजचा दिवस कसा जाणार ते कळायचं, आणि कधीकधी तेही चुकायचं. चांगले हसत घरात आलेले माणिकराव चहाचा कप ठेवेपर्यंत दुसरेच कुणी झालेले असत. तिची आई सखुबाई हिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. ते कशामुळे, हा विषय घरात निघत नाही.

तर लांडगा पसंत होता. आता तो ठरवून आणल्यासारखा दाखवायचा होता, कारण प्रेमविवाह म्हटलं असतं तर माणिकरावांनी ताटावर भागवलं नसतं. प्रतिक्षाने मामाला, रामजीला, फितवलं. रामजीमामा भोळा आणि भाचीवर जीव टाकणारा. त्याने ‘डोंगरकड्याला एक स्थळ ऐकिवात हाय’ म्हणून सोंग वठवलं. मग रीतीप्रमाणे चौकशी झाली. जमीन किती, विहिरीला पाणी किती, पोरगा तंबाखू खातो का, सासू तोंडाळ आहे का, पाहुण्यांत कुणी पळून गेलेलं आहे का, सगळं खोदून खोदून विचारलं गेलं. पौर्णिमेला पोरगा काय होतो, एवढंच विचारायचं राहून गेलं.

आणि भटजींनी तारीख काढली, दोन हजार चारची वैशाख पौर्णिमा.

प्रतिक्षाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने चहा देता देता धीर केला. “बाबा, पौर्णिमेला नको.”

“काहून?”

“ऊन लय असतं.”

“मग अमावस्येला का थंडी पडती?” माणिकरावांनी कप जरा जोरात ठेवला आणि चर्चा संपली. पुढे मुहूर्त नव्हते; पावसाळ्यानंतर बघू म्हटलं तर परभणीचं एक पोलिसातलं स्थळ त्यांच्या मनात होतंच. म्हणजे ही तारीख गेली की रामप्रसाद गेला.

त्यात समाधान एवढंच की मुहूर्त दुपारी साडेबाराचा होता. चंद्र उगवणार दिवस मावळताना. मधे सहा तास. मराठवाड्याबाहेर कुठे जन्मली असती तर प्रतिक्षा निश्चिंत झोपली असती. पण साडेबाराचं लग्न साडेबाराला लागलेलं तिच्या आठवणीत नव्हतं, तिच्या आईच्याही नव्हतं. आणि चंद्राला मानपान नसतो, तो वेळेवर येतो. भर मांडवात नवरदेवाचा लांडगा झाला तर काय होईल, हेही तिला ठाऊक होतं. आदल्या वर्षी शेळ्यांच्या मागे आलेल्या एका लांडग्याला गावाने काठ्यांनी ठेचून मारलं होतं आणि मग त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढले होते. त्या फोटोत माणिकराव मधोमध होते.

“लग्न लागू दे, मग मी सांभाळते,” रामप्रसादच्या आईने, जनकाबाईने, साखरपुड्यात तिच्या कानात सांगितलं. “म्या ह्याच्या बापाला मरेपस्तोर चाळीस वर्सं सांभाळलं. दिवस बुडायच्या आत अक्षता पडल्या पाह्यजेत, बस.”

बस म्हणे.

लग्नाच्या दिवशी साडेबारा वाजता मांडवात तीन माणसं होती. एक भटजी, एक स्पीकरवाला आणि एक म्हातारा, जो चुकून दुसऱ्या लग्नाला आला होता. डोंगरकड्याचं वऱ्हाड दोन वाजता आलं. ट्रॅक्टर पंक्चर झाला होता, आणि पंक्चर निघेपर्यंत बँडवाल्यांनी तिथेच रस्त्यावर वाजवून घेतलं, म्हणून पंक्चर निघाल्यावरही वऱ्हाड नाचत राहिलं.

मग परण्या, म्हणजे नवरदेवाची मारुतीपर्यंतची मिरवणूक. त्यासाठी आणलेल्या घोडीने रामप्रसादचा वास घेतला, डोळे पांढरे केले आणि घोडीवाल्यासकट वसमतच्या दिशेने निघून गेली. घोडी शोधण्यात एक तास गेला. शेवटी नवरदेवाला जीपच्या टपावर बसवलं आणि जीपपुढे प्रतिक्षाचा भाऊ मुन्ना असा नाचला, जणू चंद्र उगवेपर्यंत नाचायचा त्याने नवसच केला होता.

चार वाजता रामप्रसादचे दाजी रुसले. त्यांना दिलेला टॉवेल दुसऱ्या जावयाच्या टॉवेलपेक्षा आखूड निघाला होता. ते जानोशाबाहेर, म्हणजे वऱ्हाडाच्या उताऱ्याबाहेर, बाभळीखाली जाऊन पाठ करून बसले. मध्यस्थ गेले, आले, पुन्हा गेले. टॉवेल बदलून दिला तर म्हणाले, प्रश्न टॉवेलचा नाही. मग कशाचा, ते त्यांनाही सांगता येईना.

प्रतिक्षा शाळेच्या खोलीत शालू नेसून बसली होती. खिडकीतून तिला सावल्या लांब होताना दिसत होत्या. तिने दोनदा मामाला पाठवलं. तिसऱ्यांदा तिने चक्कर आल्याचं सोंग केलं, निदान घाई तरी होईल म्हणून. त्याने झालं असं की बायकांनी तिला आडवी केली, कांदा नाकाशी धरला आणि ‘पोरीला जरा पडू द्या’ म्हणून लग्न आणखी अर्धा तास पुढे ढकललं. त्यानंतर तिने स्वतःला शहाणी समजणं सोडून दिलं.

सहा वाजता दोघांना स्टेजवर उभं केलं. समोर मांडव खचाखच भरलेला, माणसं दुपारपासून उपाशी, लेकरं रडून रडून थकलेली. मांडवाच्या पलीकडे बुंदी आणि वांग्याच्या भाजीचा वास सुटलेला. आता फक्त अंतरपाट धरायचा, मंगलाष्टकं म्हणायची, अक्षता टाकायच्या. प्रतिक्षाने सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी पांढरी जीप येऊन थांबली.

पंचायत समितीचे सभापती आले होते. माणिकरावांनीच बोलावलं होतं, आणि सभापतींनी आशीर्वाद दिल्याशिवाय लग्न लावायचं म्हणजे माणिकरावांची गावात अब्रू काय राहिली? सभापतींनी माईक घेतला. “मी आपला जास्त वेळ घेणार न्हाई,” असं म्हणून त्यांनी पाझर तलावापासून सुरुवात केली.

प्रतिक्षाने रामप्रसादकडे पाहिलं. हळदीने पिवळा झालेला, बाशिंग बांधलेला, हातात कट्यार धरलेला तिचा नवरा घामाने निथळत होता. हळद लागलेल्या नवरदेवाला बाहेरची बाधा होऊ नये म्हणून ती कट्यार त्याच्या हातात दिली होती. बाहेरच्या बाधेची त्याला भीती नव्हती, बिचाऱ्याची सगळी बाधा आतली होती. त्याचे कान फेट्यात हलायला लागले होते.

“पळून जाऊ का?” तो ओठ न हलवता म्हणाला. “रानात जातो. सकाळी येतो.”

“अन् सकाळी मी परभणीला असते,” ती म्हणाली.

मांडवाच्या मागे सूर्य टेकला. पूर्वेला नांगरून पडलेली रानं होती, त्यांच्या कडेला आभाळ तांबूस होत होतं. सभापती तलावावरून नळयोजनेवर आले. प्रतिक्षाने समोरच्या गर्दीकडे बघितलं. शे-दोनशे तोंडं होती, आणि त्यातलं एकही स्टेजकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना वासाच्या दिशेला वळलेल्या होत्या. मुठीत अक्षता घामाने भिजून गोळा झाल्या होत्या. आणि तिच्या लक्षात आलं की ही माणसं तिचं लग्न बघायला आलेलीच नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच तिला याचा आनंद झाला.

हट्ट्याच्या कुठल्याच नवरीने आजवर केलं नव्हतं ते तिने केलं. दोन पावलं पुढे गेली, सभापतींच्या हातातून माईक घेतला आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, “अक्षता पडल्या! पंगत बसली! सगळ्यांनी जेवायला चला!”

मग पाठीमागच्यांनी पुढच्यांच्या डोक्यावर अक्षता फेकल्या, पुढच्यांनी सभापतींच्या, आणि मांडव उठला. अंतरपाट धरला होता का, मंगलाष्टकं झाली का, नवरी कोण नि नवरा कोण, कुणी कुणाला विचारलं नाही. बँडवाल्यांनी वाजवायला घेतलं आणि वाजवत वाजवतच पंगतीकडे निघाले. बाभळीखालचे दाजी रुसवा तसाच ठेवून सगळ्यांच्या पुढे धावले. नळयोजना अर्ध्यात सोडून सभापती एकटेच उभे राहिले. मग मुन्ना त्यांना हाताला धरून पहिल्या पंगतीत घेऊन गेला, आणि तेही गेले.

मांडवात उरले सातजण. नवरा-नवरी, भटजी, मामा, दोघांच्या आया आणि माणिकराव. माणिकरावांचा चेहरा काळानिळा झाला होता.

“काय गं हे?” ते दात खात म्हणाले. “माह्या इज्जतीचा...”

“भटजी, अंतरपाट धरा,” प्रतिक्षा म्हणाली. मग ती वडिलांकडे वळली. “बाबा, काय बोलायचं ते लग्न लागल्यावर बोला.”

भटजींना रात्री दुसरं लग्न लावायला जायचं होतं. त्यांनी पोथी काढली. अंतरपाटाचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं रामजीमामाने. पांढऱ्या कापडाच्या पलीकडे रामप्रसाद दिसेनासा झाला. मंगलाष्टक सुरू झालं आणि प्रतिक्षाने खाली बघितलं.

कापडाखालून त्याची पावलं दिसत होती. हळदीने माखलेली, जोडे काढलेली. पहिल्या ‘सावधान’ला ती माणसाची होती. दुसऱ्याला नखं लांबली. तिसऱ्याला अंगठा कुठे गेला ते कळलं नाही. भटजी चष्म्यातून पोथीत बघत होते. रामजीमामाला मात्र अंतरपाटाच्या वर बाशिंग दिसेनासं झालं; त्याने वाकून पलीकडे बघितलं, डोळे घट्ट मिटले आणि रामाचं नाव घेत कापड धरून ठेवलं. भाचीसाठी माणूस आणखी काय करणार!

शेवटचं ‘सावधान’ झालं. अंतरपाट खाली आला.

पलीकडे पाटावर एक काटकुळा लांडगा बसला होता. अंगावर जरीचा शेला, एका कानावर बाशिंग लटकलेलं, मातकट केसांना हळद लागलेली. पुढच्या पायाशी कट्यार पडली होती. दातांत त्याने हार धरला होता, एकही फूल न चुरगळता. प्रतिक्षा गुडघ्यावर बसली. तिने आपला हार त्याच्या गळ्यात घातला. त्याने मान उंच करून दातातला हार तिच्या डोक्यावरून सोडला, आणि मग हनुवटी तिच्या पायावर टेकली.

“मंगळसूत्र सकाळी बांधू,” जनकाबाई घोंगडी उलगडत म्हणाली. सकाळपासून ती घोंगडी तिने काखेत मारून ठेवली होती. “सकाळपस्तोर बराबर होतो तो.”

तेव्हा कुठे माणिकराव भानावर आले. मांडवाचा एक बांबू सुटून आडवा पडला होता, तो त्यांनी उचलला. “लांडगा! लांडगा देऊन राहिले व्हय माह्या लेकीला! दगा केला! बाजूला हो गं!”

प्रतिक्षा बाजूला झाली नाही. ती लांडग्यावर आडवी पडली. लांडग्याने दात दाखवले नाहीत, पळायलाही बघितलं नाही. तो फक्त तिच्या हाताखालून माणिकरावांकडे बघत राहिला. बांबू वर गेला, आणि वरच अडकला.

सखुबाईने तो धरला होता. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याच्या हातातली कुठलीच वस्तू धरली नव्हती. ताट नाही, तांब्या नाही, चप्पल नाही. तिलाही ते नवीनच होतं.

“विहीणबाई,” तिने नवऱ्यावरची नजर न काढता जनकाबाईला विचारलं, “महिन्यातून किती येळा होतो ह्यो?”

“एकदाच. पुनवेला.”

“कुणाला चावला का?”

“आजवर न्हाई. कुत्र्याला भितो.”

“अन् माह्या लेकीला हे ठाव होतं?”

“लग्नाच्या आदी सांगितलं त्यानं, आई,” प्रतिक्षा म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. “सगळ्यात आदी सांगितलं.”

सखुबाईने मान हलवली. मग ती माणिकरावांकडे वळली, उजवा कान त्यांच्याकडे करून, नेहमीसारखी.

“ऐकलं का?” ती म्हणाली. “महिन्यातून एकदा होतो. अन् सांगून होतो. मला कुणी सांगितलं होतं?”

पलीकडून पंगतीतला गोंधळ येत होता, कुणीतरी ‘वरण! वरण!’ म्हणून ओरडत होतं. माणिकराव बायकोकडे बघत राहिले, मग तिच्या डाव्या कानाकडे, आणि मग त्यांना कुठेच बघवेना. बांबू त्यांच्या हातातून सुटला. सखुबाईने तो स्टेजच्या कडेला नीट उभा करून ठेवला.

मग तिने मुठीतल्या अक्षता उघडल्या. सकाळपासून धरलेल्या, तळहाताला चिकटलेल्या. तिने त्या एकेक सोडवून लेकीच्या आणि जावयाच्या डोक्यावर टाकल्या. जावयाने भीत भीत शेपूट हलवलं.

भटजींनी पोथी मिटली, चष्मा कपाळावर चढवला, पाटाकडे एकवार बघितलं आणि पुन्हा डोळ्यांवर घेतला. “मुहूर्त साडेबाराचा होता,” ते कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. “मी वेळेवर आलो होतो.”

“पंगतीत वाढायला जा,” सखुबाई नवऱ्याला म्हणाली. “पाहुणे वाट बघून राहिले. अन् उद्यापासून तुमी बी आदी सांगत जा. त्या दिवशी म्या लेकीच्या घरी जाऊन बसन.”

माणिकराव गेले. वरणाची बादली घेऊन ते पंगतीतून खाली मान घालून फिरले, आणि गावाने पुन्हा एकदा म्हटलं, काय देवमाणूस आहे, लेकीच्या लग्नात स्वतः वाढतो. मांडवात घोंगडीखाली त्यांचा जावई झोपी गेला होता, आणि सखुबाई त्याच्या मोठ्या कानामागे हळूहळू खाजवत बसली होती.